एडुल्जी, डायना
एडुल्जी, डायना फ्राम : (जन्म 26 जानेवारी 1956). भारताच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज, 1978 आणि 1993 या दोन विश्वचषकांतल्या कर्णधार आणि पुढे क्रिकेट प्रशासक. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. 20 कसोटींत 63 बळी (सरासरी 25.77) आणि 34 एकदिवसीय सामन्यांत 46 बळी (सरासरी 16.84) अशी त्यांची नोंद आहे.

बालपण कुलाब्याच्या बधवार पार्क रेल्वे वसाहतीत गेले. तिथल्या मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळताना क्रिकेटची गोडी लागली. त्याआधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिसमध्ये त्या कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचल्या होत्या. मुंबईत मुलींच्या क्रिकेटला नुकतेच कुठे मूळ धरू लागले होते. आलू बामजी यांनी 1969 मध्ये ‘आल्बीज’ हा महिलांचा क्लब सुरू केला होता. 1973 मध्ये महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तिला संघ आले तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एका शिबिरात एडुल्जींना लाला अमरनाथ यांचे मार्गदर्शन मिळाले.

कसोटी पदार्पण 31 ऑक्टोबर 1976 रोजी बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध झाले. भारतीय महिलांची ती पहिलीच कसोटी. त्याच मालिकेत, शांता रंगास्वामी कर्णधार असताना, पाटण्याला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. 1984 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध दिल्लीला एडुल्जींनी 64 धावांत 6 बळी घेतले. कसोटीतली ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी.

उजव्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेर वळणारा चेंडू आणि मधूनच हाताच्या दिशेने सरळ आत येणारा चेंडू, हे डावखुऱ्या फिरकीचे जुने भांडवल. मुंबईने या जातीचे गोलंदाज भरपूर पाहिले आहेत. बापू नाडकर्णी आणि पद्माकर शिवलकर ही नावे तर इथल्या मैदानांवर अजूनही निघतात. निर्धाव षटकाला मान देणाऱ्या त्या परंपरेतच एडुल्जींना बसवावे लागते. कसोटीत त्यांनी पाच हजारांहून अधिक चेंडू टाकले आणि षटकामागे सरासरी दोनपेक्षा कमी धावा दिल्या. एक टोक धरून ठेवायचे, धावा आटवायच्या आणि फलंदाजाचा धीर सुटायची वाट पाहायची. नुसते बळी मोजणाऱ्याला यातली मेहनत दिसत नाही.

बळींच्या आकड्याशेजारी तारखाही ठेवाव्या लागतात. जानेवारी 1977 नंतर भारतीय महिला संघाला पुढची कसोटी मिळाली ती थेट जानेवारी 1984 मध्ये. 1986 च्या जुलैनंतर पुन्हा साडेचार वर्षे कसोटी नाही. म्हणजे एडुल्जींच्या वयाची 21 ते 28 ही उमेदीची वर्षे कसोटीविना गेली. फिरकी गोलंदाज उशिरा पिकतो म्हणतात. पण पिकायला षटके टाकायला तर मिळायला हवीत! शेवटची कसोटी त्या 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात खेळल्या. पंधरा वर्षांत 20 कसोटी. तरीही महिलांच्या कसोटी क्रिकेटमध्ये भारताकडून सर्वाधिक बळी त्यांच्याच नावावर आहेत. जगात त्यांच्या पुढे फक्त इंग्लंडच्या मेरी डगन (77) आणि ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सन (68).

1978 चा विश्वचषक भारतातच झाला. संघ चार होते आणि यजमान तिन्ही सामने हरले. 1993 मध्ये इंग्लंडमध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्यांनी पुन्हा नेतृत्व केले. त्यानंतर खेळ थांबवला.

त्या काळी महिला खेळाडू रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून सामान सांभाळत प्रवास करत, मोठ्या खोल्यांमध्ये एकत्र मुक्काम करत. परदेश दौऱ्यासाठी पदरचे पैसे घालायची वेळही येई. अशा खेळात टिकायचे तर पगाराची नोकरी हवी, आणि ती दिली रेल्वेने. पश्चिम रेल्वेत नोकरी करत एडुल्जींनी रेल्वेचा महिला संघ उभा राहावा म्हणून पाठपुरावा केला. पुढे देशांतर्गत स्पर्धांवर याच संघाने दीर्घकाळ वर्चस्व ठेवले. मिताली राज रेल्वेकडूनच खेळली. हरमनप्रीत कौर 2014 मध्ये मुंबईत रेल्वेच्याच नोकरीत आली. 63 बळींपेक्षा हे काम अधिक दूरवर पोहोचले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

1986 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. लॉर्ड्स ज्याच्या मालकीचे आहे त्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने, म्हणजे एमसीसीने, आपले नाव बदलून एमसीपी ठेवावे, अशी कोटी त्यांनी केली. ‘एमसीपी’ म्हणजे ‘मेल शॉव्हिनिस्ट पिग’, पुरुषी अहंकाराने माजलेल्यांना इंग्रजीत हासडली जाणारी शिवी. एमसीसीने महिलांना सदस्यत्व खुले केले 1998 मध्ये.

भारत सरकारने त्यांना 1983 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2002 मध्ये पद्मश्री दिली. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या प्रशासकीय समितीत विनोद राय, रामचंद्र गुहा आणि विक्रम लिमये यांच्याबरोबर त्या होत्या. ऑक्टोबर 2019 पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. त्या काळात मंडळाने देऊ केलेला जीवनगौरव पुरस्कार, समितीवर असताना तो घेणे बरोबर नाही म्हणून, त्यांनी नाकारला. नोव्हेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या वेळी पुरुषांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना वानखेडेवर रंगत होता, आणि बधवार पार्क तिथून फार दूर नाही.