सोडलेला शार्क आणि वाचलेला शार्क

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून रॉडने शार्क गरवणाऱ्यांच्या व्हिडिओंचा शेवट ठरलेला असतो. मासा लाटेत परततो, शेपटी दोनदा हलते आणि गरवणारा म्हणतो, ‘सोडला, वाचला.’ अशा गरवण्याचे विरोधकही त्याच गफलतीत सापडलेले आहेत, फक्त उलट्या बाजूने. त्यांच्या लेखी सोडलेला प्रत्येक शार्क मेलेलाच. सोडणं आपण करतो. मासा वाचला की नाही हे पुढच्या काही तासांत ठरतं आणि ते बघायला तिथे कुणी नसतं.

मारण्यापेक्षा सोडणं बरं, हे वेगळं पटवून द्यायला नको. 2006 मध्ये फ्लोरिडातल्याच बोका ग्रांदला विक्रमासाठी मारलेल्या 1,280 पौंडी ग्रेट हॅमरहेडच्या, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या शार्कच्या, पोटात 55 पिल्लं निघाली, एवढं एक उदाहरण पुरे. फ्लोरिडात 2012 पासून हॅमरहेड आणि टायगर शार्क ठेवून घ्यायला बंदी आहे. अटलांटिकमध्ये शॉर्टफिन माको जातीचा शार्क ठेवायला अमेरिकेने 2022 मध्ये मनाई केली. म्हणजे हे मासे गळाला लागले तर सोडायचेच आहेत. वाद उरतो तो सोडल्यानंतरचा.

आता मुद्द्याची गोष्ट. झुंजीत शार्कचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात, रक्तात लॅक्टेट हे त्यातून तयार होणारं द्रव्य साचतं आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. दोरी कापली म्हणून हे तिथल्या तिथे थांबत नाही. पोहत निघालेला मासा हा बिघाड अंगात घेऊनच निघालेला असतो. तो त्यातून सावरेल का, हे बऱ्याच अंशी त्याच्या जातीवर अवलंबून असतं. नर्स शार्क तळाशी पडून तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडू शकतो. हॅमरहेडला, म्हणजे आपल्या कानमुशीला, ते जमत नाही. पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी वाहतं. त्यात तो गळाला लागला की जिवाच्या आकांताने झगडतो. थकून थांबला की गुदमरतो, झगडत राहिला की रक्त आणखी बिघडतं.

मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये फ्लोरिडातल्या पाच जातींची याबाबत तुलना प्रसिद्ध केली. शार्क गळावर पकडून, रक्त तपासून, उपग्रहामार्फत नोंदी पाठवणारे टॅग लावून सोडले होते. लॅक्टेट हॅमरहेडमध्ये सर्वांत जास्त भरलं. चार आठवड्यांपर्यंतच्या टॅगच्या नोंदींवरून वाचण्याचं प्रमाण काढलं, तेव्हा टायगर शार्क सगळे तगलेले दिसले, बुल शार्क 74 टक्के आणि ग्रेट हॅमरहेड जेमतेम 54 टक्के. याउलट ऑस्ट्रेलियात रॉडवर पकडून सोडलेल्या 30 माकोंपैकी 90 टक्के वाचले. माकोही पोहल्याशिवाय श्वास घेऊ शकत नाही, म्हणून नुसत्या श्वसनावर सगळं ढकलून चालत नाही. पण ‘शार्क चिवट असतो’ आणि ‘शार्क नाजूक असतो’ ही दोन्ही वाक्यं माझ्या मते टाकाऊ आहेत. कुठला शार्क ते आधी सांगा.

‘आम्ही टॅग केलेले मासे वर्षांनी पुन्हा सापडले’ हा युक्तिवादही नेहमीचा. अमेरिकेत हौशी गरवणाऱ्यांनी 1962 पासून शार्कना टॅग लावून मोलाचं काम केलं आहे, ते नाकारायचं कारणच नाही. पण साधा टॅग पुन्हा हाती लागतो तो जगलेल्या माशाचा. मेलेला मासा टॅगसकट तळाला जातो. मरण कळतं ते खोली नोंदवणाऱ्या टॅगमधून. जिवंत शार्कच्या खोलीची रेघ सारखी वरखाली होत राहते, मेलेल्याची एकदाच खाली जाते आणि सपाट होते. ती रेघ पाहिल्यावर शेपटीच्या दोन हेलकाव्यांवर विसंबायचं धाडस होत नाही.

टॅग लावून सोडलं की नुसतं सोडलं, किनाऱ्यावरून की बोटीतून, हे फरक दुय्यम आहेत. गळाचं मात्र सांगतो. गोल वळणाचा सर्कल हूक बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, जे-आकाराचा गिळला जाऊन घशात किंवा पोटात अडकण्याची भीती जास्त. नैसर्गिक आमिष असेल तर फ्लोरिडात सर्कल हूकच लागतो, तोही स्टेनलेस स्टीलचा नको. किनाऱ्यावरून शार्क गरवायला जुलै 2019 पासून परवाना आणि त्याआधी ऑनलाइन शिक्षण सक्तीचं आहे. बंदी असलेल्या जातीचा शार्क पाण्यातच ठेवून विनाविलंब सोडायचा, असा नियम आहे.

आणि तरी तो कोरड्या वाळूवर ओढला जातो, फोटोसाठी. याचा मला मनस्वी राग आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, आतले अवयव पेलायला आपल्यासारख्या बरगड्यांचा पिंजरा नाही. ते वजन एरवी पाणी पेलतं. वाळूवर काढला की मोठं यकृत आणि बाकीचे अवयव स्वतःच्याच भाराखाली दबतात, वर एखादा त्याच्या पाठीवर बसून जबडा उघडून दाखवतो. मासा थकलेला असताना श्वास तोडून काढलेला हा फोटो आहे. हलक्या रॉडने ‘खेळ रंगवणं’ मला तितकंच नापसंत. रॉड हलका, तंगूस बारीक, म्हणजे झुंज लांबणार, आणि लांबलेली झुंज थेट रक्तात उतरते. दणकट रॉड, जाड लीडर (गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा मजबूत तुकडा) घ्या आणि मासा लवकर जवळ आणा. गळ सहज निघत नसेल तर पाण्यातच लीडर गळालगत कापा. मागे लोंबणारी लांब दोरी ठेवू नका.

हॅमरहेडसाठी मी याही पुढे जाईन. त्याला मुद्दाम गरवू नये. 2019 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ग्रेट हॅमरहेड ‘अतिशय धोक्यात’ आहे, आणि निम्मे मरण्याची शक्यता ठाऊक असताना ‘आम्ही तर सोडतो’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. हिवाळ्यात फ्लोरिडातल्या पाम बीचलगत ब्लॅकटिप जातीच्या शार्कचे थवे येतात तेव्हा त्यांच्यामागे हॅमरहेडही येतात. ब्लॅकटिप गरवताना हॅमरहेड लागला आणि तो ते रुंद डोकं वर काढताना दिसला, तर किनाऱ्याजवळ यायची वाट बघू नका. गळाच्या जमेल तितक्या जवळून, पण तिथेच, दोरी कापा.