विनोना म्हणजे थोरली

मिनेसोटात राहणाऱ्या भाचीचा मागच्या महिन्यात फोन आला. दुसरी मुलगी होणार आहे आणि नावही ठरलंय: विनोना. "मिसिसिपीच्या काठी त्याच नावाचं गाव आहे, मामा. नेटिव्ह अमेरिकन नाव आहे, किती गोड!"

नाव गोड आहे यात वाद नाही, पण मला हसू आवरेना. डकोटा भाषेत, पहिलं अपत्य मुलगी असेल तर तिला विनोना म्हणतात. म्हणजे आपली 'थोरली'. धाकटीच्या पाळण्यावर 'थोरली' अशी पाटी लावायला निघाले होते हे लोक.

"मग दुसरीला काय म्हणतात?"

"हापान."

फोनवर जरा शांतता. "जपानसारखं वाटतं रे."

आपण ज्यांना सरसकट 'रेड इंडियन' म्हणून टाकतो, त्यांतल्या 'सू' लोकांची ही नावं. सू हा शब्दसुद्धा त्यांचा नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी दिलेलं लांबलचक नाव फ्रेंचांनी उचललं, पुढचा भाग गळाला आणि शेपूट तेवढं राहिलं. ते स्वतःला डकोटा किंवा लकोटा म्हणवतात, म्हणजे मित्र, सोबती. त्यांच्या नावांबद्दल एक विनोद आपल्याकडेही फिरतो: मूल जन्मलं की बाप तंबूबाहेर येतो आणि पहिली दिसेल ती गोष्ट, बसलेला बैल म्हणा, लाल ढग म्हणा, नाव म्हणून ठेवतो. विनोद म्हणून ठीक, माहिती म्हणून साफ चूक.

पूर्वेकडच्या डकोटांत मुलाला आधी क्रमाचं नाव मिळायचं. मुलगे असतील तर चास्के, हेपान, हेपी, चातान, हाके. मुली असतील तर विनोना, हापान, हापिस्तिन्ना, वान्स्का, विहाके. पहिलं मूल एक तर चास्के, नाही तर विनोना. साहजिकच गावात चास्के ढिगाने, जसे आपल्याकडे घरोघरी दादा आणि बाळू.

हे माहीत नसण्याची किंमत एका माणसाने जिवानिशी मोजली. मिनेसोटात अमेरिकन सरकार आणि डकोटा यांच्यात 1862 मध्ये झालेल्या युद्धानंतर लष्करी आयोगाने 303 जणांना मृत्युदंड सुनावला. अध्यक्ष लिंकन यांनी प्रकरणं तपासून 39 नावांची यादी केली, त्यातलाही एक जण नंतर वाचला. 26 डिसेंबरला मँकेटो गावात 38 जणांना एकाच वेळी फाशी दिलं. त्यात एक चास्के होता, ज्याने युद्धाच्या धामधुमीत सारा वेकफिल्ड या गोऱ्या बाईला आणि तिच्या मुलांना सांभाळलं होतं. तिने त्याच्या बाजूने साक्षही दिली होती. लिंकनच्या यादीत तो नव्हता. यादीत होता दुसराच चास्के. सकाळी 'चास्के' असा पुकारा झाला आणि हा गेला. नावांचा घोटाळा झाला, असा खुलासा नंतर करण्यात आला. वेकफिल्डबाईंना तो कधीच पटला नाही.

क्रमाचं नाव हे झालं घरचं. मोठी नावं वेगळी, आणि माझा खरा जीव त्यांत अडकलाय, कारण ती नावं नसून छोटी वाक्यं आहेत.

इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत लकोटांच्या ओग्लाला शाखेचा एक पुढारी भेटतो, ज्याच्या नावाचा अर्थ दिलेला असतो 'स्वतःच्या घोड्यांना घाबरणारा तरुण'. लढवय्या माणसाला असलं नाव कोण ठेवेल? मूळ नाव आहे थाशूँके खोकीफापी. 'था' म्हणजे त्याचा. 'शूँका' म्हणजे खरं तर कुत्रा. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे फिरत फिरत लकोटांपर्यंत पोचले, तेव्हा या नव्या जनावराला त्यांनी 'शूँकावाखाँ' म्हटलं, म्हणजे गूढ, दैवी कुत्रा. 'थाशूँके' म्हणजे त्याचा घोडा. (शेवटचा 'आ' जाऊन 'ए' का आला? लकोटात काही शब्दांचा अंत्य स्वर आजूबाजूला काय जोडलंय ते बघून बदलतो. आपण 'घोडा'चं 'घोड्या' करतो, तसं काहीसं. ज्यांना व्याकरणाचा कंटाळा आहे त्यांनी हा कंस विसरावा.) 'खोकीफा' म्हणजे घाबरणे. आणि सगळी गंमत त्या शेवटच्या 'पी'मध्ये आहे. क्रियापदाला 'पी' लागला की करणारे अनेक.

आता हे मराठीत म्हणा: त्याच्या घोड्याला भितात. झालं! 'ते' हा शब्द घालावा लागला नाही, 'भितो'चं 'भितात' झालं आणि अनेकवचन क्रियापदाच्या पोटात बसलं. शब्दांचा क्रमही तोच, क्रियापद शेवटी. इंग्रजीत कर्ता बाहेर काढून दाखवावा लागतो. दुभाष्याने तो चुकीचा काढला आणि ज्याचा नुसता घोडा पाहून शत्रूला कापरं भरायचं, तो माणूस स्वतःच्या घोड्याला भिणारा ठरला.

हाच 'पी' तुम्ही चित्रात कित्येकदा पाहिलाय. तो निमुळता कातडी तंबू, 'टिपी', मुळात आहे 'थीपी'. 'थी' म्हणजे राहणे, 'पी' म्हणजे ते अनेक. राहतात, म्हणून घर.

'टी'च्या जागी 'थी' कुठून आला? लकोटात त आणि थ, प आणि फ, क आणि ख हे वेगवेगळे ध्वनी आहेत. आपल्याला बाराखडीतच मिळालेला हा भेद रोमन लिपीत नीट उतरत नाही, त्यावर टोप्या चढवाव्या लागतात. फरक एवढाच की आ, ओसारख्या स्वरांआधी त्यांच्या थ-ख मधला 'ह' घशात घासून येतो, 'ख़बर'मधल्या ख़सारखा. 'शूँका'तल्यासारखे नाकातले स्वरही आहेत, त्यासाठी आपल्याकडे चंद्रबिंदू तयारच. देवनागरी जणू याच कामासाठी घडवली असावी, असं क्षणभर वाटतं. (लगेच 'म्हणजे त्यांची भाषा संस्कृतोद्भव' असा मेसेज कोणी फिरवू नये. दोन भाषाकुळांचा काडीचा संबंध नाही.)

लकोटांचा गाजलेला योद्धा क्रेझी हॉर्स, त्याचंही तेच. थाशूँके वित्को: त्याचा घोडा वेडा, मस्तवाल. वेडा घोडा आहे, माणूस नव्हे. त्यांचा विख्यात पुढारी सिटिंग बुल म्हणजे थाथाँका ईयोताके. थाथाँका म्हणजे गव्यासारखा अवाढव्य नर बायसन, ईयोताके म्हणजे बसतो. बसकण मारली की हलायचा नाही असा. बायकांच्या नावापुढे बहुधा 'विन' लागतो, आपल्या 'बाई'सारखा: भाषाअभ्यासक एला डेलोरिया यांचं डकोटा नाव अंपेतू वाश्ते विन, सुंदर दिवसबाई!

ही नावं जन्मभर चिकटत नसत. सिटिंग बुलला लहानपणी 'हूँकेश्नी', म्हणजे मंद, म्हणत. चौदाव्या वर्षी त्याने लढाईत शत्रूला हात लावून येण्याचा मान मिळवला, तेव्हा बापाने स्वतःचं नाव काढून त्याला दिलं आणि आपण दुसरं घेतलं. क्रेझी हॉर्सच्या बापानेही पोराला स्वतःचं नाव दिलं आणि स्वतः 'अळी' या अर्थाचं नाव लावून घेतलं. जन्ममहिना टाकून 'तुमचं इंडियन नाव' सांगणाऱ्या वेबसाइटींना यातलं काही ठाऊक नसतं. आपल्या नक्षत्रचरणाच्या कोष्टकाला तरी कुठे असतं? आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला त्यात 'ङ' आहे. ठेवा नाव!

सरकारला अशी बदलणारी नावं नकोच होती. 1879 मध्ये पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. तिथे आलेल्या ओता क्ते (अनेकांना मारलं, हा बापाचा पराक्रम) नावाच्या मुलाच्या हातात छडी देऊन फळ्यावरच्या रेघोट्यांतलं एक नाव निवडायला सांगितलं. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. ज्यावर छडी टेकली ते निघालं 'ल्यूथर', आणि ते पट्टीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवण्यात आलं. पुढे 1887 च्या कायद्याने जमिनी माणशी वाटल्या गेल्या आणि वारसासाठी आडनावं हवी झाली. ते काम आलं डॉ. चार्ल्स ईस्टमन यांच्याकडे. पाच भावंडांतले ते शेवटचे. आई दगावली म्हणून पाळण्यातलं नाव 'हाकादा', म्हणजे बिचारा शेंडेफळ. लॅक्रॉस या जाळीदार काठीने खेळायच्या चेंडूच्या खेळाचा सामना जिंकल्यावर झाले 'ओहियेसा', विजेता. पुढे ख्रिस्ती झाल्यावर ईस्टमन. स्वतः तीन नावांतून गेलेला हा माणूस 1903 पासून काही वर्षं हजारो सू लोकांची आडनावं नोंदवत होता.

रोजच्या बोलण्यात मात्र लकोटा माणूस नाव घेतच नसे, नात्याने हाक मारी. आईच्या भावाला वेगळा शब्द आहे, 'लेक्शी'. बापाच्या भावाला मात्र बापच म्हणतात. इंग्रजीतल्या 'अंकल'ला जे जमत नाही ते. भाचीला हे कळवलं, तर रात्री मेसेज आला: "लेक्शी, तिसरी झाली तर काय ठेवायचं?"

"हापिस्तिन्ना," मी लिहिलं. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.