पुण्याचा अश्वारूढ पुतळा आणि नानासाहेब करमरकर

शिवाजीनगरला एसएसपीएमएस (श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल) शाळेच्या आवारात शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे ना, तो कोणी केला विचारलं तर अस्सल पुणेकरही बरेचदा अडखळतो. केला नानासाहेब उर्फ विनायक पांडुरंग करमरकरांनी, जन्म १८९१, गाव अलिबागजवळचं सासवणे.

लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर महाराजांचं चित्र काढलेलं, ते ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेत भरलं आणि साहेबाने पोराची थेट मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सोय लावली. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या बोलावण्यावरून कलकत्ता, मधे लंडनची रॉयल अकॅडमी, परत कलकत्ता.

पुतळ्याची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. पायाभरणी नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते, आणि तेव्हा काँग्रेसने त्याच्या दौऱ्यावर बहिष्कार टाकलेला, मुंबईत दंगल पेटलेली, म्हणजे हे स्मारक जन्मापासूनच राजकारणात. ६ महिन्यांत शाहू महाराज गेले, काम रेंगाळलं, शेवटी त्यांचे पुत्र राजाराम महाराजांनी नेटाने तडीस नेलं आणि ते करमरकरांच्या हातून झालं.

खरी कमाल ओतकामाची. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांत ओततात, मग सांधे जोडून घासून लपवतात. करमरकरांनी जवळपास साडेतेरा फूट उंचीचा पुतळा मुंबईत माझगाव डॉकला एकसंध ओतवला, आणि त्यात धातू मधेच कुठे थिजला तर सगळं काम मातीत, डागडुजीला वावच नाही. जून १९२८ ला अनावरण केलं गव्हर्नर लेस्ली विल्सनने, म्हणजे परत इंग्रजच!

मोठ्या पुतळ्यांमुळे नाव झालं खरं, पण मला विचाराल तर त्यांचा हात कळतो तो सासवण्याच्या घरी. तिथे आता त्यांचं म्युझियम आहे, कोळीण, गावातली साधी माणसं, आणि अंगणात चक्क एक सिमेंटची म्हैस, इतकी खरी की लांबून वाटतं आता शेपटी हलवेल. सिमेंटसारख्या रुक्ष मालात त्यांनी बरंच काम केलंय. १९६७ ला ते गेले. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली की सासवणे अगदी जवळ, अलिबागच्या बीचकडे पळण्याआधी तिथे तासभर थांबा.