मराठीत लिहिणाऱ्या पोट्ट्यांना काहीच मिळत नाही?

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-घाटंजीकडे हे सर्रास ऐकू येतं: लिहिण्याचे पैसे मिळतात ते इंग्रजी शाळेतल्या पोट्ट्यांना. अर्धंच खरं. अमेरिकेतले १९२३ पासूनचे स्कोलास्टिक कला-लेखन पुरस्कार आपल्या जिल्हा परिषद शाळांसाठी नाहीतच. ते मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या विद्यार्थ्यांचे. आठवीतली एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार पोट्ट्यांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, वर्षाला १२,००० रुपये देते, पण तिथे बुद्धिमत्ता आणि शालेय विषय तपासतात, गोष्ट नाही.

पण डाक विभागाची ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धा? तिथे मराठी चालते, अठराखालच्यांचा गट वेगळा असतो. अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्द किंवा पाकिटातून १,००० शब्दांपर्यंत, आणि हातानेच लिहायचं. टाइप केलेलं बाद. राज्य पातळीवर पहिलं बक्षीस २५,००० रुपयांचं, देशपातळीवर ५०,०००. ही शिष्यवृत्ती नव्हे, एकरकमी बक्षीस आहे, हा फरक मास्तरांनीही नीट सांगावा. अंतर्देशीय पत्र गावच्या पोस्टात अडीच रुपयांना मिळतं. विषय आणि मुदत दरवर्षी बदलते, तीही तिथेच विचारावी. पत्रावर आपण अठराखालचे असल्याचं स्वतः लिहून द्यावं लागतं. ती ओळ विसरू नका.