पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाला गूगल घाबरत नाही

"वेबपानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असलं की गूगल ते पान घेतच नाही." हा समज कधीचा फिरतोय, आणि यूआरएल, म्हणजे हा पत्ता, 'स्टॅटिक' (प्रश्नचिन्हाविना) करून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. सुरुवातीच्या काळात त्यात तथ्य होतं; क्रॉलर, म्हणजे वेबवर फिरून पानं गोळा करणारे प्रोग्रॅम, अशा पत्त्यांपासून जरा जपूनच असायचे. पण सप्टेंबर २००८ मध्येच गूगलने सांगून टाकलं, की असे डायनॅमिक, म्हणजे प्रश्नचिन्हवाले, पत्ते आम्हाला वाचता येतात. उलट अर्धवट रीराइट करून, म्हणजे स्टॅटिक दिसतील असे बदलून, ते लपवलेत तर आमचीच पंचाईत होते.

खरी गोची वेगळीच. लाल साड्यांची एकच यादी '?रंग=लाल&क्रम=किंमत' अशीही उघडते, '?क्रम=किंमत&रंग=लाल' अशीही, वर दर भेटीला पत्त्यात नवा सेशन आयडी (त्या भेटीचा ओळख क्रमांक). पान एक, पत्ते शेकडो! क्रॉलर त्यातच फिरत बसतो. सेशन आयडी पत्त्याऐवजी कुकीत (ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत) ठेवा, मूळ पत्ता कॅनॉनिकल टॅगने, म्हणजे पानाच्या कोडमधल्या एका ओळीने, सांगा. ही टॅगची सोय २००९ पासून आहे.

आणि शोधपेटीत शब्द टाकल्यावरच उघडणारी पानं? तिथे टाइप करत बसायला गूगलबॉट, म्हणजे गूगलचा क्रॉलर, येईल या भरवशावर राहू नका. साध्या लिंका द्या, साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पानांच्या यादीत) घाला. बॉटला एक पान आणि माणसाला दुसरं, ही चलाखी मात्र नको. त्याला क्लोकिंग म्हणतात, आणि त्यापायी अख्खी साइट निकालांतून जाऊ शकते.