शेंगेन की युरोपीय संघ: आई-बाबांसोबत वीकेंडला निघताना कोणती सीमा बघायची

आई-बाबा दोन-अडीच महिन्यांसाठी म्युनिकला लेकीकडे आलेले असतात, डिसेंबर उजाडतो, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार कुठेतरी जाऊन यायचा बेत निघतो. प्राग, बुडापेस्ट, झुरिक, डब्लिन अशी नावं पुढे येतात. सकाळच्या विमानाने निघालं तर यातल्या कुठल्याही गावी दुपारच्या जेवणाला पोचता येतं. पण आई-बाबांच्या जर्मन व्हिसावर प्राग, बुडापेस्ट आणि झुरिक चालतं, डब्लिन चालत नाही. गंमत म्हणजे आयर्लंड युरोपीय संघात आहे आणि स्वित्झर्लंड नाही. “युरोपचा व्हिसा आहे ना, मग झालं तर” हे वाक्य इथेच फसतं.

शेंगेन हा सरहद्दीवरची तपासणी काढून टाकण्याचा करार आहे. १४ जून १९८५ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी पाच देशांनी त्यावर सह्या केल्या आणि २६ मार्च १९९५पासून आपसातली तपासणी प्रत्यक्षात थांबली. आज त्यात २९ देश आहेत. युरोपीय संघ म्हणजे बाजारपेठ, कायदे, ग्राहकांचे हक्क, जकात. त्यात २७ देश आहेत. त्यातले पंचवीस दोन्हीकडे आहेत, म्हणून गोंधळ होतो. संघात असून शेंगेनबाहेर दोनच: आयर्लंड आणि सायप्रस. शेंगेनमध्ये असून संघाबाहेर चार: स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन. ब्रिटन दोन्हींत नाही. जुन्या याद्यांवर विसंबू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ला शेंगेनमध्ये आला. रुमानिया आणि बल्गेरिया विमानमार्गे ३१ मार्च २०२४ला आले, पण रस्त्याने आणि रेल्वेने १ जानेवारी २०२५पासून.

आई-बाबांना आत कोण घेतं, हे शेंगेन ठरवतं. आत गेल्यावर फोनचं बिल किती येईल, पिशवीतलं काय चालेल आणि विमान रद्द झालं तर काय मिळेल, हे बहुतांशी संघाच्या कायद्यांवर ठरतं.

तिकीट काढण्याआधी पासपोर्टमधलं व्हिसाचं स्टिकर बघा. जर्मन वकिलातीने दिलेल्या स्टिकरवर मजकूर जर्मनमध्ये असतो, पण बघायच्या जागा तीनच. वैधता कुठे आहे, तिथे ‘शेंगेन देश’ अशा अर्थाचा शब्द हवा. प्रवेश किती, तिथे ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे अनेक) लिहिलेलं असतं. तिसरी जागा मुक्कामाच्या दिवसांची, आणि तिथे पुष्कळ जण चुकतात. एका प्रवेशाच्या व्हिसावर तारखांचा पट्टा सहसा दिवसांपेक्षा पंधरा दिवसांनी लांब असतो, म्हणजे प्रवास थोडा पुढे-मागे झाला तर अडू नये. दिवस ६० आणि तारखा ७५ दिवसांच्या असतील, तर राहायचं साठच दिवस. आल्याचा आणि गेल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. प्रागमधले तीन दिवसही त्याच साठातून जातात.

एका प्रवेशाच्या व्हिसावर प्राग-बुडापेस्टला कितीही वेळा जा, प्रवेश खर्च होत नाही. शेंगेनबाहेर एकदा पाऊल टाकलं की मात्र व्हिसा संपला, मग तारखा कितीही शिल्लक असोत. १२ ऑक्टोबर २०२५पासून बाहेरच्या सरहद्दीवर संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे ‘शिक्का पुसट आहे, कळणार नाही’ हा आशावादही आता सोडून द्यावा.

सगळ्यात महागात पडणारा प्रकार असा. बाबांकडे लंडनच्या मोठ्या भावाकडे जाण्यासाठी काढलेला ब्रिटनचा व्हिसा असतो, अजून वैध. मग म्युनिकहून शनिवार-रविवार लंडनला जाऊन यायचं ठरतं. जाताना कुणी अडवत नाही, कारण ब्रिटनचा व्हिसा खरा आहे. अडतं परतताना. लेकीकडे जर्मनीचं निवास कार्ड आहे, ती परत येऊ शकते. त्या कार्डाचा आई-बाबांना काही उपयोग नाही. एका प्रवेशाच्या व्हिसावर लंडन जोडायचंच असेल तर ते प्रवासाच्या एका टोकाला ठेवा: मुंबईहून आधी लंडन आणि मग म्युनिक, किंवा शेवटी म्युनिकहून लंडन आणि तिथूनच मुंबई. आणि पुढच्या वेळी अर्ज करताना एकापेक्षा जास्त प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात कारण लिहा. १८ एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील, तर साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी.

तिकिटातली दुसरी खाच म्हणजे मधला थांबा. बर्लिनहून अथेन्सला जायचं आहे, दोन्ही शेंगेनमध्ये, पण स्वस्त तिकीट इस्तंबूलमार्गे. इस्तंबूलला विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी बर्लिनला तुम्ही शेंगेन सोडलेलं असतं. प्रवेश गेला. झुरिकमार्गे असेल तर काळजी नाही.

हिवाळ्यात हे आपण न ठरवताही ओढवू शकतं. २ डिसेंबर २०२३ला बर्फामुळे म्युनिकचा विमानतळ बंद पडला. अशा गोंधळात विमान कंपनी जी पर्यायी तिकिटं देते, त्यात लंडन किंवा इस्तंबूल आलं तर काउंटरवरच नाही म्हणा, एका प्रवेशाचा व्हिसा दाखवा आणि शेंगेनमधूनच जाणारं विमान मागा. इथे युरोपीय संघाचा कायदा कामी येतो, आणि तो भारतीय पासपोर्टलाही तितकाच लागू आहे. उशीर किंवा रद्द होणं कंपनीच्या चुकीने असेल, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई मिळू शकते. उशिराच्या बाबतीत विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोचायला हवं. विमानतळच बर्फाने बंद असेल तर भरपाई नाही, पण जेवण, रात्रीची खोली आणि दुसरं विमान किंवा पैसे परत, हे तरीही द्यावंच लागतं. खोली मागायला लाजू नका.

आता झुरिक. व्हिसाचं काही नाही, पण जकात आहे, कारण स्वित्झर्लंड संघाच्या जकात क्षेत्रात नाही. जर्मनीतून जाताना माणशी एक किलो मांस, एक किलो लोणी-क्रीम आणि पाच लिटर वाइन जकातीशिवाय चालते. सगळ्या सामानाची किंमत माणशी १५० फ्रँकच्या आत ठेवा (२०२५च्या आधी ही मर्यादा ३०० होती). चिवडा, चकल्या, मेतकूट यांवर कुणी बोट ठेवत नाही. भारतातून आणलेले पेढे, खव्याची बर्फी, तूप हा प्रश्न त्याही आधीचा: दुधाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून संघात आणायलाच बंदी आहे. फोनचंही तसंच. संघातलं ‘घरच्याच दरात रोमिंग’ नॉर्वे आणि आइसलँडमध्ये चालतं, स्वित्झर्लंडमध्ये कायद्याने नाही. काही जर्मन कंपन्या तो देश आपणहून धरतात, काही धरत नाहीत. बाबांच्या प्रीपेड सिमची योजना तपासा, नाहीतर रेल्वेने जाताना बोडन तळ्याकाठचं जर्मनीतलं लिंडाऊ सोडण्याआधी डेटा बंद करा; त्या तळ्याच्या काठी फोन कधी स्विस टॉवर पकडतो ते कळतही नाही.

चलनाचा मात्र या दोन्हींशी संबंध जोडू नका. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी संघातही आहेत आणि शेंगेनमध्येही, तरी तिथे कोरुना आणि फोरिंटच चालतात.

बार्सिलोनाहून बर्फ बघायला अँडोराला जायचा मोह होतो. अँडोरा शेंगेनमध्ये नाही. तिथे विमानतळ नाही, रस्ता फ्रान्स किंवा स्पेनमधूनच, आणि नियमाने परतीसाठी किमान दोन प्रवेश हवेत. मोनॅको, व्हॅटिकन, सान मारिनो यांची अशी अडचण नाही. लिख्टेनश्टाइनची राजधानी फाडुत्स, तिथल्या पर्यटन केंद्रात हौसेचा शिक्का मारून मिळतो, तो वहीत घ्यावा. पासपोर्टवर अशी नक्षी नको.

आई-बाबांचा पहिलाच हिवाळा असेल आणि व्हिसा एका प्रवेशाचा, तर आम्ही विमानाऐवजी रेल्वेने ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग सुचवू. बायर्न तिकीट (बवेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत चालतं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, आणि सकाळी नऊनंतरच निघायची अटही शनिवार-रविवारी नसते. म्युनिकहून दोन तासांच्या आत. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी पासपोर्ट घरी ठेवू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४मध्ये आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी लावली, आणि ऑस्ट्रियाकडून येताना तर ती २०१५पासूनच आहे. परतताना सरहद्दीवरच्या फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढले, तर मोबाइलमधला फोटो पुरत नाही. मूळ पासपोर्ट आईच्या पर्समध्ये हवा, हॉटेलच्या तिजोरीत नाही.