एबो, रॅन्सचा आर्चबिशप

एबो : (सु. ७७८–२० मार्च ८५१). फ्रँकिश साम्राज्यातील धर्माधिकारी. रॅन्सचा आर्चबिशप (८१६–३५ आणि ८४०–४१) व अखेरीस हिल्डेसहाइमचा बिशप. सम्राट पहिला लुई (धर्मनिष्ठ लुई, कार. ८१४–४०) याच्या मर्जीमुळे तो वर चढला आणि ८३३ मध्ये त्याच सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या बिशपांमध्ये तो अग्रभागी होता. पुढे त्याची झालेली पदच्युती कायदेशीर होती की नाही, हा वाद त्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षे चालू राहिला.

जन्म व कूळ : एबोचा जन्म राजाच्या खासगी जमिनीवरील भूदास कुटुंबात झाला, याबद्दल सहसा दुमत नाही. मात्र या माहितीचा मुख्य साक्षीदार थेगान हा ट्रीरचा सहायक बिशप असून तो कट्टर लुईपक्षीय व कुळाचा अभिमानी होता. लुईचे चरित्र त्याने सु. ८३६–३७ मध्ये, म्हणजे एबोचा पाडाव झाल्यावर लिहिले. त्यात एबोला उद्देशून तो म्हणतो, की सम्राटाने तुला मुक्त केले, कुलीन केले नाही, कारण ते अशक्यच आहे. तुझे पूर्वज शेळ्या राखत होते, राजांना सल्ला देत नव्हते. शेळ्यांचा तपशील शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण जन्म खरोखरच हलका नसता, तर समकालीन वाचकांपुढे हा टोमणा टिकला नसता.

एबो हा लुईचा दूधभाऊ व सहाध्यायी होता, ही माहिती फ्लोदोआर (८९३/९४–९६६) या रॅन्सच्या इतिहासकाराने ‘असे म्हणतात’ अशी पुस्ती जोडून दिली आहे. एबो ऱ्हाईनपलीकडचा, जर्मन होता, असेही तोच सांगतो. लुईचा जन्म मात्र ७७८ मध्ये ॲक्विटेनमधील शास्नय येथे झाला. तेव्हा ऱ्हाईनपलीकडच्या बाईने त्याला दूध कसे पाजले, हा प्रश्न उरतोच. राजपरिवाराबरोबर नोकरचाकरांचा ताफा फिरत असे, हे लक्षात घेता तो अडचणीचा असला, तरी अशक्य कोटीतला नाही. एबोचे जन्मवर्ष सु. ७७८ धरतात, ते याच दूधभावाच्या कथेवरून. ती नाकारली तर त्या वर्षाला दुसरा आधार राहत नाही. तो लुईचा पिता शार्लमेन याच्या दरबारात शिकला आणि ॲक्विटेनमध्ये लुईच्या पदरी ग्रंथपाल होता, एवढे बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

रॅन्सची गादी : आर्चबिशप वुल्फारच्या मृत्यूनंतर रॅन्सच्या लोकांनी व पुरोहितांनी प्रथम गिस्लेमार नावाच्या माणसाची निवड केली. परीक्षेच्या वेळी त्याच्यासमोर शुभवर्तमान ठेवले असता त्याला ते नीट समजेना, म्हणून तो बाद झाला आणि सम्राटाने एबोचे नाव पुढे केले. ही हकीकत लुईचा धाकटा मुलगा, पश्चिम फ्रँकिश राजा दुसरा चार्ल्स (टकला चार्ल्स) याने पोप पहिला निकोलस यास ८६७ मध्ये पाठविलेल्या पत्रात येते. म्हणजे ती अर्धशतकानंतरची असून एका खटल्याच्या निमित्ताने सांगितलेली आहे. एबो गादीवर आला त्याच वर्षी, ८१६ च्या ऑक्टोबरात, पोप चौथा स्टीफन याने रॅन्सलाच लुईला मुकुट घातला.

जुने कॅथीड्रल मोडकळीस आले होते. ते नव्याने बांधण्यासाठी लुईने शहराच्या तटबंदीचे दगड वापरण्याची परवानगी दिली आणि रुमाल्ड नावाचा राजसेवेतील भूदास स्थपती एबोच्या हवाली केला. काम त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. नव्या कॅथीड्रलचे पवित्रीकरण ८६२ मध्ये पुढचा आर्चबिशप हिंकमार याने केले.

डेन लोकांतील धर्मप्रसार : पोप पहिला पास्कल याच्या अधिकारपत्रानिशी व सम्राटाच्या सल्ल्याने एबो सु. ८२२–२३ मध्ये डेन लोकांच्या प्रदेशात गेला. कांब्रेचा बिशप हालितगार त्याच्याबरोबर होता. अनेकांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद राजदरबाराच्या वार्षिक वृत्तांतात आहे, पण टिकाऊ संघटना उभी राहिली नाही. डेन राजा हाराल्ड क्लाक याच्या ८२६ मधील बाप्तिस्म्यानंतर हे काम मुख्यतः आन्सगार या धर्मप्रसारकाकडे गेले. स्वीडनसाठी नेमलेला बिशप गाउत्सबर्ट हा एबोचा नातेवाईक होता.

हस्तलिखिते : ‘एबोचे शुभवर्तमान’ या नावाने प्रसिद्ध असलेले, सोनेरी अक्षरांत लिहिलेले हस्तलिखित आज फ्रान्समध्ये एपर्ने येथे आहे. रॅन्सजवळच्या ओव्हिलेर मठात ते तयार झाले. आरंभीच्या कवितेत मठाधिपती पीटरचा उल्लेख असून एबोची स्तुती आहे. त्यावरून त्याचा काळ ८१६–३५ असा धरतात. त्याहून नेमके वर्ष सांगण्याचे प्रयत्न तितकेसे पटणारे नाहीत. संत मॅथ्यूच्या चित्रात तो पुढे वाकून लिहितो आहे. एका हातात शाईचे शिंग आहे, भुवया ताणलेल्या, केस विस्कटलेले आणि अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या बारीक, घाईच्या रेघांनी भोवंडल्यासारख्या काढलेल्या आहेत. मागची टेकडीही त्याच रेघांत हलते आहे. शार्लमेनच्या दरबारातील चित्रांचा संथपणा येथे औषधालाही नाही. तपकिरी शाईच्या रेखाचित्रांनी भरलेले उट्रेख्तचे स्तोत्रसंहितेचे हस्तलिखितही शैलीसाम्यामुळे याच परिसरातले मानतात. त्याचा एबोशी थेट संबंध मात्र अनुमानाचाच आहे.

सम्राटाचे प्रायश्चित्त : प्रायश्चित्तविषयक जुन्या पुस्तकांत एकवाक्यता नाही, अशी तक्रार करून एबोने हालितगारकडून नवे संकलन करून घेतले होते (सु. ८३०). त्यानंतर थोड्याच वर्षांत लुई आणि त्याचे मुलगे यांचा संघर्ष टोकाला गेला. दुसरी राणी जुडिथ हिच्या पोटी ८२३ मध्ये जन्मलेल्या चार्ल्सला वाटा देण्यासाठी थोरल्या मुलांमधील साम्राज्याची ८१७ ची वाटणी मोडली गेली, हे त्याचे निकटचे कारण. जून ८३३ मध्ये कोलमारजवळ, पुढे ‘असत्याचे मैदान’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, लुईचे सैन्य त्याला सोडून गेले आणि तो थोरला मुलगा लोथार याच्या कैदेत पडला.

ऑक्टोबरात काँप्येन्यच्या सभेत बिशपांनी त्याच्या अपराधांची यादी केली. स्वासाँ येथील सँ-मेदार मठाच्या चर्चमध्ये लुईने ती यादी हातात घेऊन कबुली दिली, कमरेचा शस्त्रपट्टा सोडून वेदीजवळ ठेवला आणि राजवस्त्रे उतरवून प्रायश्चित्ताचा वेष घेतला. असे प्रायश्चित्त घेतलेल्याने पुन्हा शस्त्र धरायचे नाही, असा दंडक होता. सारा डाव त्यावरच उभा होता. निर्लज्ज व क्रूर माणूस हवा म्हणून एबोला पुढे केले, असे थेगान म्हणतो. परंतु स्वासाँ रॅन्सच्या प्रांतात येत असल्याने तेथील विधीचे अग्रस्थान त्या प्रांताच्या आर्चबिशपाकडे जाणे स्वाभाविक होते, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात एबो केवळ नाइलाजाने तेथे नव्हता. आरासचा सँ-व्हास्त मठ त्याला लोथारकडून बक्षीस मिळाला.

पदच्युती : मार्च ८३४ मध्ये लुई पुन्हा गादीवर आला. संधिवाताने जखडलेल्या एबोला लोथारबरोबर पळता आले नाही. पॅरिसमधील एका एकांतवासी साधूकडे तो लपला, तेथे पकडला गेला व फुल्डाच्या मठात नजरकैदेत ठेवला गेला. २८ फेब्रुवारी ८३५ रोजी मेसच्या कॅथीड्रलमध्ये व्यासपीठावर चढून, सम्राटावर अन्याय झाला, असे त्याला जाहीर करावे लागले. ४ मार्चला त्यॉनव्हीलच्या धर्मसभेत त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले. फिर्यादी खुद्द सम्राट होता.

पुढील तपशील या प्रकरणात कळीचा आहे. एबोने आपली पापे खासगीत ऐकण्यासाठी काही बिशप निवडले. त्यांत बूर्झचा आयुल्फ, पाडरबोर्नचा बाडुराड आणि ओतँचा मोदोएन हे होते. त्यांच्यापुढे पापनिवेदन करून त्याने लेखी राजीनामा दिला. पापे कोणती, हे त्या लेखात नाही. या पदाला आपण अपात्र आहोत, एवढेच आहे. खाली सही ‘माजी बिशप’ अशी आहे. त्यानंतर एकेका बिशपाने, तुझ्या कबुलीप्रमाणे पद सोड, असे म्हटले. चार्ल्सच्या जन्माच्या वेळी जुडिथने भेट पाठविलेली अंगठी एबोने या संकटात तिच्याकडे परत पाठवून दयायाचना केली, असे चार्ल्सच्याच पत्रात आहे. त्याचा जीव वाचला, पद वाचले नाही.

सभेने शिक्षा दिली, की त्यानेच पद सोडले? सही धाकाने घेतली असली तर ती ग्राह्य कशी? पोपची संमती कोठे आहे? हे तिन्ही प्रश्न लगेच उभे राहिले. लुईने हयातीत रॅन्सला दुसरा आर्चबिशप नेमला नाही, यावरून त्यालाही खात्री नसावी, असा तर्क करतात.

उत्तरायुष्य व वाद : लुई २० जून ८४० रोजी वारला. लोथारने इंगेलहाइम येथून फर्मान काढून एबोला पूर्वपद दिले आणि डिसेंबरात तो रॅन्सला परतला. वर्षभरातच चार्ल्सची सरशी झाल्याने त्याला पुन्हा पळावे लागले. पोप दुसरा सर्जियस याने ८४४ मध्ये त्याला केवळ सामान्य श्रद्धाळूचा दर्जा मान्य केला. पुढे लोथारशीही बिनसले. सु. ८४५ मध्ये सम्राट लुईचा मुलगा, पूर्व फ्रँकिश राजा जर्मन लुई याने त्याला हिल्डेसहाइमचे बिशपपद दिले. या बदलीस पोप चौथा ग्रेगरी याची मान्यता दाखविणारे पत्र बनावट समजले जाते. हिल्डेसहाइममधील त्याच्या कारभाराविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

रॅन्सला ८४५ मध्ये हिंकमार आला. एबोने ८४०–४१ मध्ये ज्यांना दीक्षा दिली होती, त्या पुरोहितांना स्वासाँच्या ८५३ च्या धर्मसभेने अपात्र ठरविले; ही सभाही सँ-मेदार मठातच भरली होती. त्यांपैकी वुल्फाद याला चार्ल्सने बूर्झच्या आर्चबिशपपदी बसवायचे ठरविले, तेव्हा ८६६ मध्ये पोप निकोलसच्या आग्रहाने प्रकरण पुन्हा उघडले. पुरोहितांना पदे परत मिळाली. एबोविरुद्धचा मूळ निवाडा मात्र उघडपणे रद्द झाला नाही.

पदावरून घालविलेल्या बिशपावर, त्याला आधी पूर्वस्थितीत आणल्याखेरीज, खटला चालविता येत नाही, हे तत्त्व आग्रहाने मांडणाऱ्या छद्म-इसिडोरी फर्मानांचा (जुन्या पोपांच्या नावावर खपविलेल्या बनावट धर्मकायद्यांचा) संबंध एबोच्या प्रकरणाशी जोडतात. जुन्या मतानुसार ती सु. ८४७–५२ या काळात रॅन्स प्रांतात, एबोच्या दीक्षितांच्या वर्तुळात रचली गेली. जर्मन इतिहासकार क्लाउस त्सेखिएल-एकेस यांनी कोर्बी मठातील हस्तलिखितांतील खुणांच्या आधारे त्यांचा आरंभ ८३० च्या दशकात नेला. खुणांचा हा पुरावा वजनदार असला, तरी सर्व संग्रह एकाच वेळी सिद्ध झाला असे त्यावरून ठरत नाही.